तहानंतरच्या लढाया : सुफ्रां, आनंदराव धुळप आणि इ.स. १७८३

जुन्नर तालुक्यातील घाटघरच्या पठारावरून पश्चिमेस चालत गेले की नाणेघाटाच्या तोंडाशी जमीन एकाएकी संपते. खाली कोकण पसरलेले दिसते. समुद्र मात्र दिसत नाही. तो फार दूर आहे. तरीही या वाटेचे सारे वैभव समुद्राने दिलेले होते. कल्याणच्या बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून घाट चढे आणि जुन्नरच्या पेठेत येई. सातवाहनांनी घाटमाथ्यावर लेणे कोरले ते याच वाटेवर, आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजणही इथेच उभा आहे.

इ.स. १७८० च्या मे महिन्यात कल्याण इंग्रजांनी घेतले. त्याच वर्षी डिसेंबरात वसई पडली. घाटावर राज्य पेशव्यांचेच होते, शिवनेरी-जीवधनवर निशाण त्यांचेच होते. परंतु घाटाखालच्या वाटेचे दुसरे टोक शत्रूच्या मुठीत गेले होते. पुढल्या वर्षी गोडार्डची फौज बोरघाटातून वर चढू पाहत असता मराठ्यांनी तिला मार देत परत पिटाळले. डोंगरात इंग्रजांचा पराभव करता येतो हे वडगावनंतर दुसऱ्यांदा सिद्ध झाले. प्रश्न उरला तो पाण्याचा. मुंबईला रसद, पैसा, माणसे आणि तोफा जिथून येत, त्या समुद्रावर इंग्रजांना कोण अडवणार?

त्या काळात हिंदुस्थानच्या दोन किनाऱ्यांवर दोन माणसे हेच काम करीत होती. पूर्व किनाऱ्यावर फ्रेंच आरमाराचा सेनापती पिएर आंद्रे द सुफ्रां, आणि पश्चिम किनाऱ्यावर पेशव्यांच्या आरमाराचा सरसुभेदार आनंदराव धुळप. त्यांची कधी गाठ पडली नाही. दोघांनीही आपली सर्वांत यशस्वी लढाई १७८३ साली दिली. आणि दोघांच्याही लढाईपूर्वी तहाच्या कागदावर सह्या होऊन गेल्या होत्या.

सुफ्रांपासून सुरुवात करू. योगायोग असा, की ज्या जुलै १७२९ मध्ये अलिबागेस सरखेल कान्होजी आंग्रे वारले, त्याच महिन्यात फ्रान्सच्या दक्षिणेस प्रोव्हान्स प्रांतातील सें-काना या गावी सुफ्रांचा जन्म झाला. (योगायोगाला अर्थ नसतो, पण तारखा लक्षात राहायला त्याची मदत होते.) घराणे उमरावाचे, हा धाकट्या मुलांपैकी, म्हणजे वतन मिळण्याची आशा नाही. अशा मुलांना त्या काळी दोन वाटा असत, धर्मसंघ किंवा फौज. सुफ्रांने दोन्ही धरल्या. चौदाव्या वर्षी तो फ्रेंच आरमारात उमेदवार म्हणून शिरला आणि पुढे माल्टा बेटावरील ख्रिस्ती वीरसंघाचाही सदस्य झाला. हा संघ भूमध्य समुद्रात तुर्की आणि उत्तर आफ्रिकी गलबतांशी झुंजत असे. तिथे सुफ्रां जे शिकला ते फ्रेंच आरमाराच्या शाळेत शिकवीत नसत. शत्रू दिसला की आधी त्याच्यावर चालून जायचे. रांग नीट लागली की नाही हे मागून पाहायचे.

फ्रेंच आरमाराची रीत याच्या नेमकी उलट होती. जहाज बांधायला अतोनात पैसा लागतो, म्हणून जहाज वाचवणे हे पहिले कर्तव्य. नेमून दिलेली कामगिरी पार पाडावी, शत्रूचे आरमार बुडवण्याच्या फंदात पडू नये, असा शिरस्ता. या शिरस्त्याने सुफ्रांला काय दिले? ऐन तारुण्यात दोनदा इंग्रजांची कैद. पहिल्यांदा १७४७ मध्ये फिनिस्तेरच्या लढाईत, दुसऱ्यांदा १७५९ मध्ये लागोसजवळ. दोन्ही वेळा फ्रेंच आरमार निसटू पाहत होते आणि इंग्रज पाठलाग करीत होते. निसटणारा शेवटी सापडतो, हा धडा त्याच्या मनावर कायमचा कोरला गेला असावा. बढती मात्र सावकाश आली. मोठ्या जहाजाचा कप्तान होईतो त्याने चाळिशी ओलांडली होती, आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्स उतरले तेव्हा तो पन्नाशीला टेकलेला, विलक्षण लठ्ठ, वेशभूषेबद्दल बेपर्वा आणि जिभेने तिखट असा गृहस्थ होता.

१७८१ च्या वसंतात त्याला पाच मोठी लढाऊ जहाजे देऊन दक्षिणेकडे रवाना केले गेले. काम एवढेच होते की आफ्रिकेच्या टोकाशी असलेली डच लोकांची केप वसाहत इंग्रजांच्या हाती पडू द्यायची नाही. वाटेत केप व्हर्द बेटांवर, पोर्तो प्राया बंदरात तो पाणी भरायला वळला, तो समोर इंग्रज आरमार नांगर टाकून उभे. हेच आरमार केप घ्यायला निघाले होते. बंदर पोर्तुगालचे, म्हणजे तटस्थ. तिथे लढणे नियमबाह्य. १६ एप्रिल १७८१ रोजी सुफ्रांने क्षणाचाही विचार न करता आत शिरून तोफा डागल्या. त्याच्या पाचांपैकी दोनच जहाजे खऱ्या अर्थाने त्याच्या मागे आली. लढाई जिंकली असे म्हणवत नाही; पण इंग्रज आरमार खिळखिळे होऊन रेंगाळले आणि केपला सुफ्रां आधी पोहोचला. वसाहत वाचली.

तिथून तो आजच्या मॉरिशसला आला आणि वर्षअखेर तेथील आरमाराबरोबर हिंदुस्थानकडे निघाला. प्रवासातच वरिष्ठ सेनापती द ऑर्व वारला. फेब्रुवारी १७८२ मध्ये अकरा मोठ्या जहाजांचे आधिपत्य सुफ्रांकडे आले.

पुढच्या सोळा महिन्यांत त्याने इंग्रज सेनापती एडवर्ड ह्यूज याच्याशी पाच लढाया दिल्या. सद्रास, प्रोव्हिदियन, नागपट्टण, त्रिंकोमाली आणि कडलूर. दोन आरमारांत इतक्या थोड्या अवधीत इतक्या वेळा लढाई जुंपण्याचे दुसरे उदाहरण शिडांच्या युगात शोधावे लागेल. आणि गंमत अशी, की पाचही लढायांत मिळून कोणाचेही एक मोठे जहाज शत्रूच्या हाती पडले नाही. मग या लढायांचे महत्त्व कशात?

उत्तर बंदरात आहे. कोरोमंडलचा किनारा उघडा. मद्रास, पुदुच्चेरी, कडलूर, कुठेही जहाजाला आडोसा नाही. लाटांतून छोट्या होड्यांनी माणसे आणि माल उतरवावा लागे. ऑक्टोबर लागला की ईशान्येचा मोसमी वारा सुटे आणि त्या किनाऱ्यावर उभे राहणारे जहाज वाळूत जाऊन आदळे. त्यामुळे पावसाळी हंगामात प्रत्येक आरमाराला कुठेतरी पळावे लागे. फ्रेंचांना मॉरिशस, म्हणजे जाण्यायेण्यात महिने गेले. इंग्रजांना मुंबई.

मुंबईला काय होते? सुकी गोदी. तळ फुटलेले, डोलकाठी मोडलेले मोठे लढाऊ जहाज गोदीत घ्यायचे, दार लावून पाणी काढायचे, जहाज कोरडे करून तळापासून दुरुस्त करायचे, ही सोय कंपनीने १७५० पासून मुंबईत उभी केली होती. काम वाडिया घराण्यातील पारशी सुतारांच्या देखरेखीखाली चाले; लाकूड पश्चिम किनाऱ्याचा साग. ह्यूजचे आरमार कितीही फुटले तरी मुंबईला जाऊन पुन्हा नवे होऊन येई. सुफ्रांजवळ असे काही नव्हते. जुलै १७८२ च्या नागपट्टणच्या लढाईनंतर त्याची जहाजे भग्न झाली, तेव्हा कडलूरच्या किनाऱ्यावर घरे पाडून त्यांच्या तुळया काढून त्याने डागडुजी केली. राजाची आज्ञा मॉरिशसला परतण्याची होती. ती त्याने मानली नाही. परतलो तर हैदर अली समजेल की फ्रेंच पुन्हा पळाले, हे तो जाणून होता.

त्याच महिन्यात कडलूरजवळच्या छावणीत हैदर आणि सुफ्रां यांची भेट झाली. सुफ्रांला देहामुळे मांडी घालून बसता येईना, तेव्हा हैदरने गाद्या-उशा मागवून त्याची सोय केली, अशी हकिकत आहे. हैदरला फ्रेंचांचा अनुभव चांगला नव्हता. त्याचे स्वतःचे आरमार ह्यूजने डिसेंबर १७८० मध्ये मंगळूरच्या बंदरात जाळून टाकले होते. या लठ्ठ माणसात त्याला प्रथमच असा फ्रेंच दिसला जो बोलतो ते करतो.

आणि सुफ्रांने करून दाखवले. ऑगस्टच्या अखेरीस त्याने त्रिंकोमाली घेतले. हिंदी महासागराच्या पूर्वेकडील हे सर्वोत्तम नैसर्गिक बंदर. वर्षारंभीच इंग्रजांनी ते डचांकडून हिरावले होते. ह्यूज मदतीला आला तो तीन दिवस उशिरा. ३ सप्टेंबरला बंदराबाहेर घनघोर लढाई झाली. त्यात सुफ्रांचे निशाणाचे जहाज 'एरो' जवळजवळ एकटे पडले. मोठी डोलकाठी कोसळली, तिच्याबरोबर सेनापतीचे निशाणही पाण्यात गेले. जहाज शरण आले असे कोणी समजू नये म्हणून सुफ्रांने, असतील नसतील तेवढी पांढरी निशाणे चहूकडे लावा, असा हुकूम दिला. (फ्रेंच राजाचे निशाण तेव्हा पांढरे असे, आजच्या वाचकाचा इथे उलटाच समज व्हायचा.)

त्याचे कप्तान दूर राहून गोळे टाकीत होते. प्रत्येक लढाईत हेच घडले. सुफ्रां शत्रूच्या रांगेच्या पिछाडीवर दोन्ही बाजूंनी तुटून पडू पाहे आणि त्याची निम्मी जहाजे तोफेच्या टप्प्याबाहेर रेंगाळत. अनेक फ्रेंच इतिहासकारांनी या कप्तानांना भ्याड ठरवले आहे. ते पूर्ण न्याय्य नाही. ज्या डावपेचांत ते वाढले नव्हते ते त्यांना समजावून सांगण्याची तसदी सुफ्रांने क्वचितच घेतली. चुकल्यावर चारचौघांत अपमान मात्र पुष्कळ केला. त्रिंकोमालीनंतर अनेक कप्तानांनी परत जाण्याची परवानगी मागितली आणि त्याने ती आनंदाने दिली. नेल्सन आपल्या कप्तानांना जेवायला बोलावून बेत समजावी. सुफ्रांकडे ही कला नव्हती, आणि त्याची किंमत त्याने पाच वेळा मोजली.

आता पश्चिमेकडे येऊ. ज्या वेळी सुफ्रां घरांच्या तुळयांनी जहाजे सांधत होता, त्या वेळी मुंबई बंदराला त्रास देऊ शकेल अशी एकच सत्ता होती, ती म्हणजे पुणे दरबार. मात्र १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाई येथे महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने तह होऊन गेला होता. वसई परत मिळायची होती. साष्टी मात्र कायमची इंग्रजांकडे गेली, आणि साष्टी म्हणजे मुंबईच्या बंदराचा उत्तरेकडील दरवाजा. शिवाय पेशव्यांनी पोर्तुगीजांखेरीज इतर युरोपीय राष्ट्रांना आपल्या मुलखात वखारी घालू द्यायच्या नाहीत असे कलम होते. १७७७ साली सें-लुबिन नावाचा एक फ्रेंच साहसी पुण्यास येऊन मोठमोठी वचने देऊन गेला होता. तेव्हापासून इंग्रजांना ज्याची धास्ती होती तो दरवाजा या कलमाने बंद झाला.

नाना फडणीसांनी तहावर शिक्का करण्यास सात महिने लावले. हैदर जिवंत होता, सुफ्रां लढत होता. तह लटकता ठेवण्यात फायदा होता. ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर वारला आणि त्याच महिन्यात पुण्याने तह मान्य केला. कागदांची अदलाबदल फेब्रुवारी १७८३ मध्ये झाली. सुफ्रां तेव्हा सुमात्राच्या अचे बंदरातला मुक्काम आटोपून पुन्हा हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरत होता. ह्यूज मुंबईच्या गोदीत जहाजे सांधून घेत होता, अगदी निर्धास्त.

पेशव्यांचे आरमार त्या वेळी विजयदुर्गास होते. तिथवर ते कसे आले, ही आपल्या इतिहासातली न विसरण्याजोगी गोष्ट आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या संमतीने इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला आणि तुळाजी आंग्र्यांचे सारे आरमार बंदरातच जळून खाक झाले. किल्ला इंग्रजांनी ऑक्टोबरात पेशव्यांना दिला, बाणकोट घेऊन. राखेतून नवे आरमार उभारण्याचे काम मग पेशव्यांच्या सुभ्याकडे आले, आणि १७६४ च्या सुमारास त्याची सूत्रे आनंदराव धुळपांकडे गेली. धुळप मूळचे जावळीच्या मोऱ्यांपैकी, असे सांगतात. डोंगरातले घराणे समुद्रावर आले.

आनंदरावांचे आरमार आणि सुफ्रांचे आरमार यांची तुलना करताना भान ठेवले पाहिजे. 'एरो' वर चौऱ्याहत्तर तोफा आणि सुमारे सातशे माणसे. मराठी आरमाराचा कणा म्हणजे गुराब आणि गलबत. गुराबाला दोन किंवा तीन डोलकाठ्या, उथळ तळ, नाळेवरून समोर मारा करणाऱ्या तोफा. गलबत त्याहून लहान, शिडांबरोबर वल्ह्यांवरही चालणारे. वारा पडला की युरोपीय जहाज जागच्या जागी खिळे आणि मग गलबते वल्ही मारीत त्याच्या पिछाडीला येत, जिथे त्याच्या तोफा कमी. गुराब जवळ येऊन भिडे, आणि तलवारी घेतलेली माणसे कठड्यावरून उड्या टाकीत. कान्होजींच्या काळापासूनची ही रीत. तिला किनारा जवळ हवा, वारा बेताचा हवा आणि सावज एकटे हवे. जहाजांच्या दुरुस्तीसाठी विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे वाघोटण खाडीत खडक कोरून केलेली सुमारे साडेतीनशे फूट लांबीची गोदी होती. ती आजही पाहता येते. भरतीला जहाज आत घ्यायचे आणि ओहोटीला तळ मोकळा करायचा. मुंबईच्या गोदीपुढे ती लहान, पण सुफ्रांला तेवढीही मिळाली नाही.

मार्च १७८३ च्या उत्तरार्धात ह्यूजचे आरमार मुंबईहून मद्रासला निघाले. कोकण किनाऱ्यावरून, म्हणजे विजयदुर्गाच्या समोरच्या समुद्रातून, ही प्रचंड जहाजे दक्षिणेस गेली. त्यांना कोणी हात लावला नाही, लावणे शक्यही नव्हते. पंधरा-वीस दिवसांनी त्याच वाटेने एक एकटे जहाज आले.

हे जहाज 'रेंजर', कंपनीच्या बॉम्बे मरीनचे, डझनभर तोफांचे, कप्तान लेफ्टनंट प्रुएन. तोफांपेक्षा त्यावरचे उतारू महत्त्वाचे होते. मलबार-कानडा भागात जनरल मॅथ्यूजच्या फौजेने बेदनूर घेतले होते. तिथल्या खजिन्याच्या वाटपावरून आणि मॅथ्यूजच्या वर्तनावरून भांडण होऊन कर्नल मॅक्लाउड, कर्नल हंबर्स्टन आणि मेजर शॉ मुंबईला तक्रार घेऊन आले होते. मुंबई कौन्सिलने मॅथ्यूजला दूर केले आणि त्याच्या जागी मॅक्लाउडला नेमले. 'रेंजर' हा नवा सेनापती घेऊन फौजेकडे चालले होते.

८ एप्रिल १७८३ रोजी विजयदुर्गाजवळ धुळपांच्या आरमाराने त्याला गाठले. दोन मोठी जहाजे, एक मध्यम आणि आठ गलबते. झुंज कित्येक तास चालली. इंग्रजांनी निकराने तोंड दिले, हे मान्य केले पाहिजे. शेवटी मोठी जहाजे दोन्ही बाजूंनी भिडली. मेजर शॉ जागीच ठार झाला. हंबर्स्टनच्या फुप्फुसातून गोळी गेली. मॅक्लाउडच्या हातात आणि खांद्यात गोळ्या लागल्या. प्रुएन तलवारीने जखमी झाला. 'रेंजर' धरून विजयदुर्गाला आणले गेले. हंबर्स्टन ३० एप्रिलला तिथेच वारला.

आता वादाचा मुद्दा. तह झालेला असताना हा हल्ला का? इंग्रजांच्या दृष्टीने हा उघड विश्वासघात होता, आणि त्यांच्या ग्रंथांतून तो तसाच आला आहे. आपल्याकडे काही लेखक हा प्रश्न न विचारताच विजयाचे वर्णन करून मोकळे होतात. दोन्ही अपुरे आहे. पुण्याने तह डिसेंबरात मान्य केला होता. पुण्याहून विजयदुर्गास जासूद पोहोचायला चार महिने लागत नाहीत. सरसुभेदाराला काहीच ठाऊक नव्हते असे मानणे कठीण. दुसऱ्या बाजूने, किनाऱ्यावरची जुनी रीत अशी की आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजाजवळ दस्तक हवे, नसेल तर ते धरावे. शिवाजी महाराजांच्या काळापासून सागरी सत्तेचा हक्क म्हणून मराठे तो सांगत आले होते, आणि इंग्रजांनी तो कधीच मनापासून मानला नाही. सालबाईच्या तहाने युद्ध संपले. या पाण्यावर हुकूम कोणाचा, हे भांडण संपले नाही. त्या भांडणाचा एक प्रसंग म्हणून ८ एप्रिलकडे पाहिले तर आनंदरावांचे वागणे समजते. समर्थनीय ठरते असे नाही.

पुणे दरबारापुढे पेच पडला. विजय आपल्या सरदाराचा, पण ताज्या तहाचा भंग आपल्याच माथी. शेवटी जहाज आणि कैदी इंग्रजांना परत द्यावे लागले.

या झुंजीने दक्षिणेतील युद्धाचे काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. नवा सेनापती विजयदुर्गाला जखमी अवस्थेत पडला असता टिपू बेदनूरला वेढा घालून बसला होता. एप्रिलच्या अखेरीस मॅथ्यूज शरण आला आणि पुढे श्रीरंगपट्टणच्या कैदेत मेला. धुळपांनी 'रेंजर' अडवले म्हणून बेदनूर पडले, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. टिपूची फौज एवढी मोठी होती आणि वेढा इतक्या लवकर आवळला गेला, की मॅक्लाउड सुखरूप पोहोचला असता तरी त्याच्या हाती फारसे काही राहिले नसते. एवढे खरे, की ऐन संकटाच्या महिन्यात इंग्रज फौजेचे तीन अनुभवी अधिकारी युद्धाबाहेर गेले. त्यांतला एकटा मॅक्लाउड पुढे बरा होऊन परतला.

पूर्वेकडे घटना वेगाने घडत होत्या. वृद्ध आणि आजारी बुसी फ्रेंच फौज घेऊन कडलूरला उतरला होता आणि जूनमध्ये जनरल स्टुअर्टने त्याला तिथे कोंडले. समोर समुद्रात ह्यूजची अठरा जहाजे. सुफ्रां पंधरा घेऊन आला. माणसे इतकी कमी की त्याने किनाऱ्यावरून बाराशे सैनिक मागून घेऊन तोफांवर उभे केले. पॅरिसहून आता सक्त हुकूम आला होता की सेनापतीने लढाईच्या वेळी लहान फ्रिगेटवर राहावे, कारण वेस्ट इंडीजमध्ये द ग्रास आपल्या निशाणाच्या जहाजासकट पकडला गेला होता. आयुष्यभर हुकूम मोडलेल्या सुफ्रांने हा हुकूम मात्र पाळला. २० जून १७८३ रोजी, संध्याकाळच्या चार वाजल्यापासून अंधार पडेतो, दोन्ही आरमारे एकमेकांवर आग ओकत राहिली. या वेळी त्याचे कप्तान रांग धरून जवळ राहिले. ह्यूजच्या जहाजांवर रक्तपितीने शेकडो माणसे आजारी होती, पिण्याचे पाणी संपत आले होते; तो मद्रासला निघून गेला. सुफ्रांने सैनिक परत उतरवले, वर आपलीही माणसे दिली. स्टुअर्टची फौज आता समुद्राकडून रसद तुटलेली, समोर किल्ला, मागे शत्रूचा मुलूख अशी अडकली. तीन वर्षांच्या युद्धात मद्रासच्या इंग्रजांची इतकी अवघड अवस्था झाली नव्हती.

जूनच्या अखेरीस 'मेडिया' नावाचे इंग्रज फ्रिगेट तहाचे निशाण लावून आले. युरोपात प्राथमिक तहावर २० जानेवारीलाच सह्या झाल्या होत्या. ती बातमी वाऱ्याच्या आणि सांडणीच्या वेगाने हिंदुस्थानास पोहोचायला पाच महिने लागले. कडलूरची लढाई झाली तेव्हा फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात युद्ध नव्हतेच.

फ्रेंचांनी तोफा थांबवल्या. मंगळूरला टिपूबरोबर वेढ्यात असलेली फ्रेंच तुकडी बाजूला झाली आणि टिपू संतापला, ते स्वाभाविक होते. त्याचा स्वतःचा तह मार्च १७८४ पर्यंत लांबला. सुफ्रांच्या पराक्रमाचा तहाच्या अटींवर काही परिणाम होणे शक्य नव्हते; अटी ठरल्या तेव्हा तो सुमात्राला होता.

परतीच्या वाटेवर केपच्या बंदरात इंग्रज आरमाराची जहाजे उभी होती. त्यांचे कप्तान होडीतून सुफ्रांच्या जहाजावर येऊन त्याला मानाने भेटले. ज्यांच्याशी तो वर्षभर लढला होता, त्यांनी केलेला हा सत्कार त्याला फार आवडला. फ्रान्समध्ये व्हर्सायला दरबार त्याच्याभोवती लोटला. फक्त त्याच्यासाठी व्हाइस-ॲडमिरलचे चौथे पद निर्माण केले गेले, जे त्याच्याबरोबरच संपावे अशी अट होती. ते लवकरच संपले. ८ डिसेंबर १७८८ रोजी तो पॅरिसला वारला. पुढे सात महिन्यांतच क्रांती झाली आणि त्याने गाजवलेल्या आरमाराचे अधिकारी परागंदा झाले. नेपोलियनला अखेरपर्यंत खंत होती की आपल्या वाट्याला सुफ्रांसारखा माणूस आला नाही. फ्रेंच आरमारात मात्र 'सुफ्रां' हे जहाजाचे नाव पुन्हा पुन्हा येते. २०२० साली दाखल झालेल्या त्यांच्या नव्या अणुपाणबुडीचे नावही तेच आहे.

आनंदरावांसाठी दरबाराने नवे पद निर्माण केले नाही. ते विजयदुर्गाला पुढेही दशकभर सुभेदारी करीत राहिले, तीच गुराबे, तीच खाडी, पावसाळ्यात जहाजे गोदीत आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यावर. वसई पेशव्यांकडे परत आली. साष्टी गेली ती गेलीच, आणि मुंबईच्या गोद्यांत पुढील अर्धशतकात युद्धनौका बांधल्या जाऊ लागल्या. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा विजयदुर्ग धुळपांच्याच ताब्यात होता. त्यांनी तो इंग्रजांच्या स्वाधीन केला, आणि बंदरात उभी असलेली जहाजेही.